नवा प्रोसेसर येणार म्हणून कॉम्प्युटर घ्यायचं लांबवताय? आधी हा हिशोब करून बघा

जून महिना. तालुक्याच्या गावातलं एखादं सेवा केंद्र. बाहेर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, नॉन-क्रिमिलेअरसाठी पालक आणि पोरं रांगेत उभी. आत कॉम्प्युटरच्या पडद्यावर गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच.

“सर्व्हर डाऊन आहे का भाऊ?”

“सर्व्हर चालू आहे. मशीनच दमलंय आता.”

“मग बदला की!”

“बदलायचंय ना. पण नवी जनरेशन येतेय म्हणतात. आता घेतलं आणि दोन महिन्यांनी नवं आलं, तर पैसे वाया जायचे.”

असा संवाद आज कुठल्याही तालुक्यात ऐकायला मिळेल. सेवा केंद्र असो, लग्नाचे व्हिडिओ करणारा स्टुडिओ असो, फ्लेक्सचं दुकान असो की दूध संकलन केंद्र, कॉम्प्युटर बदलायचा विषय निघाला की “थोडं थांबू, नवा प्रोसेसर येतोय” हे वाक्य येतंच. त्यात मोबाईलवर रोज नव्या चिपचे व्हिडिओ दिसतात. “जुना घेऊ नका, मोठी क्रांती येतेय” असं प्रत्येक जण सांगतो.

मग खरंच थांबावं का? याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. पण गेल्या काही वर्षांत थांबणाऱ्यांच्या हाती नेमकं काय लागलं, हे बघितलं तर आपापला निर्णय घेणं सोपं जातं.

थांबायची सवय लागली कुठून?

ही सवय अगदीच चुकीची नाही. एकेकाळी थांबणाऱ्याचा खरोखर फायदा व्हायचा. इंटेल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये एक अंदाज मांडला. चिपवर बसणाऱ्या ट्रान्झिस्टरची संख्या दरवर्षी दुप्पट होईल, असं ते म्हणाले. १९७५ मध्ये त्यांनी तो बदलून साधारण दर दोन वर्षांनी दुप्पट असा केला. यालाच मूरचा नियम म्हणतात.

त्या काळात वेगही झपाट्याने वाढत होता. १९९३ मध्ये आलेला पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झवर चालायचा. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल या दोन्ही कंपन्यांनी १ गिगाहर्ट्झचा, म्हणजे १,००० मेगाहर्ट्झचा टप्पा गाठला. सात वर्षांत पंधरा पट. अशा काळात वर्षभर थांबणाऱ्याला त्याच पैशात खूपच दमदार मशीन मिळायचं.

“नवं येतंय” या शब्दांचा धंद्यावर किती परिणाम होतो, याचंही एक गाजलेलं उदाहरण आहे. लहानपणीची वर्षं तमिळनाडूत घालवलेल्या अ‍ॅडम ऑस्बोर्न यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत ऑस्बोर्न १ नावाचा, उचलून नेता येणारा कॉम्प्युटर काढला. तो खूप खपला. पण १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची चर्चा आधीच बाहेर पडली. गिऱ्हाईक आणि दुकानदार म्हणू लागले, “मग नवंच घेऊ.” जुन्याच्या ऑर्डरी आटल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कंपनी बुडायला इतरही कारणं होती असं जाणकार सांगतात. तरी पुढच्या मालाची घोषणा करून चालू माल अडकण्याला आजही “ऑस्बोर्न परिणाम” म्हणतात.

आता मात्र तो सात वर्षांत पंधरा पटीचा जमाना राहिलेला नाही. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाताना कधी मोठी उडी असते, तर कधी नुसता नावाचा आकडा बदलतो.

थांबून फायदा झाला, ते २०१७ साल

जानेवारी २०१७ मध्ये इंटेलचा सातव्या पिढीचा आय३-७१०० आला. त्यात दोन कोअर होते. कोअर म्हणजे काम करणारे हात असं समजा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठव्या पिढीचा आय३-८१०० आला. त्यात चार कोअर. आणि कंपनीच्या अमेरिकेतल्या यादीत दोघांची किंमत सारखीच, ११७ डॉलर.

म्हणजे जो नऊ महिने थांबला, त्याला तेवढ्याच पैशात दुप्पट हात मिळाले. पुढे २०२१ मध्ये विंडोज ११ आलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टने आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर यादीत घेतले. सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद सोडले, तर बाकीचे बाहेर राहिले. २०१७ मध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं, पण थांबणाऱ्याला त्याचाही लाभ झाला.

यातही एक मेख होती. आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर चालत नव्हता. सॉकेट दिसायला तोच, तरी नवा बोर्ड लागायचाच. सुरुवातीला बाजारात फक्त महागडे बोर्ड होते. स्वस्तातले एच३१० आणि बी३६० बोर्ड एप्रिल २०१८ मध्ये आले. म्हणजे साध्या गिऱ्हाईकाला नऊ नाही, पंधरा महिने थांबावं लागलं.

थांबून फारसं काही हाती लागलं नाही, ती २०२२ ते २०२४ ची वर्षं

आता याच्या उलट उदाहरण. जानेवारी २०२२ मध्ये बाराव्या पिढीचा आय३-१२१०० आला. चार कोअर, आठ थ्रेड, जास्तीत जास्त वेग ४.३ गिगाहर्ट्झ. जानेवारी २०२३ मध्ये आय३-१३१०० आला. तेच चार कोअर, वेग ४.५. जानेवारी २०२४ मध्ये आय३-१४१००. पुन्हा तेच चार कोअर, वेग ४.७.

दोन वर्षं थांबून मिळाली साधारण ९ टक्क्यांची वाढ. ज्या कामाला दहा मिनिटं लागत होती, त्यातलं एक मिनिटही धड वाचत नाही. दाखल्याचा अर्ज भरताना किंवा टॅलीत बिल करताना तर हा फरक कळणारसुद्धा नाही. ज्याने २०२२ मध्येच मशीन घेतलं, त्याने मधली दोन वर्षं निवांत काम केलं. शिवाय तिन्ही पिढ्यांचा सॉकेट एकच असल्याने, गरज पडली तर बोर्डाचं बायोस अपडेट करून त्याला पुढचा प्रोसेसर बसवायची सोयही राहिली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलने डेस्कटॉपसाठी कोअर अल्ट्रा २०० ही नवी मालिका आणली. नाव नवं, सॉकेट नवा, रॅमही फक्त डीडीआर५. वीज कमी खाण्यात ती सरस ठरली, पण बऱ्याच गेममध्ये ती आधीच्या चौदाव्या पिढीपेक्षा मागे पडली. नवीन म्हणजे प्रत्येक बाबतीत वेगवान, असं समीकरण राहिलेलं नाही, हे तेव्हा स्पष्ट झालं.

नव्या मालाची सुरुवातीची दुखणीही असतात. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही वरच्या मॉडेलमध्ये मशीन अचानक बंद पडण्याच्या तक्रारी आल्या. २०२४ मध्ये इंटेलने दुरुस्तीचं अपडेट काढलं आणि त्या मॉडेलची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आय३ त्या यादीत नव्हते. पण आल्या आल्या पहिल्याच दिवशी धाव घेणाऱ्याला असा त्रास होऊ शकतो, हे लक्षात ठेवावं.

स्वस्त प्रोसेसर नेहमी मागून येतात

“नवी जनरेशन आली” अशी बातमी येते, तेव्हा दुकानात आधी येतात ते महाग प्रोसेसर. गेल्या चार वेळची इंटेलची पद्धत बघा. बारावी पिढी नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, पण स्वस्तातले प्रोसेसर आणि बोर्ड जानेवारी २०२२ मध्ये. तेरावी ऑक्टोबर २०२२ मध्ये, स्वस्तातले जानेवारी २०२३ मध्ये. चौदावी ऑक्टोबर २०२३ मध्ये, स्वस्तातले जानेवारी २०२४ मध्ये. कोअर अल्ट्रा ऑक्टोबर २०२४ मध्ये, बाकीचे जानेवारी २०२५ मध्ये.

म्हणजे बातमी आणि साध्या गिऱ्हाईकाचा माल यात दोन-तीन महिन्यांचं अंतर धरूनच चालावं. तो माल जिल्ह्याच्या दुकानात पोहोचून भाव स्थिर व्हायला आणखी काही आठवडे लागतात. “दोन महिन्यांत येतोय” असं ऐकलं, तर प्रत्यक्षात सहा महिन्यांची तयारी ठेवावी लागते. आणि ते सहा महिने संपेपर्यंत पुढच्या पिढीची चर्चा सुरू झालेली असते.

आत्ताचंच बघा. इंटेलने नोव्हा लेक या पुढच्या मालिकेसाठी २०२६ ची अखेर सांगितली आहे. आधीचीच पद्धत राहिली, तर आय३च्या गटातल्या गिऱ्हाईकाची वेळ त्याच्याही नंतर येणार. एएमडीने मात्र आपला एएम५ सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवणार असं सांगितलं आहे. त्यामुळे त्या बाजूला आज घेतलेल्या बोर्डावर उद्याचा प्रोसेसर बसण्याची शक्यता जास्त.

प्रोसेसर एकटा येत नाही

बैलगाडीचं चाक बदलायला जावं आणि आस, जू सगळंच बदलायला लागावं, तसं इथे होतं. नवा प्रोसेसर घेतला की सॉकेट बदलतो, म्हणून मदरबोर्ड नवा. बोर्ड नवा म्हणून रॅम नवी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जुना एसएमपीएस कमजोर असेल, तर तोही बदलावा लागतो.

इथेच थांबणाऱ्यांना अलीकडे फटका बसला. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जोरात चढले. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली, की कंपन्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने क्रूशियल नावाने साध्या ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकायचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. प्रोसेसर स्वस्त होईल म्हणून जे थांबले, त्यांना रॅमसाठी जास्त पैसे मोजावे लागले. कॉम्प्युटर म्हणजे पाच-सहा वस्तूंचा संच. एकीचा भाव उतरायची वाट बघताना दुसरीचा चढू शकतो.

आधी दुखणं कुठं आहे ते बघा

खरं तर बऱ्याच मशीनमध्ये दोष प्रोसेसरचा नसतोच. डॉक्टर आधी नाडी बघतो, तसं आधी तपासावं. तपासणी फुकट आहे.

मशीन हळू चालत असताना कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे आकडे टक्क्यांत दिसतात.

डिस्क सतत १०० टक्क्यांच्या आसपास असेल, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि माहिती शोधायला सुई इकडून तिकडे सरकते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे शोधाशोधीचा वेळ जवळपास संपतो. चौथ्या-सहाव्या पिढीच्या मशीनलाही साधी २५६ जीबीची साटा एसएसडी बसवली, की ते सुरू व्हायला लागणारी मिनिटं सेकंदांवर येतात. हा खर्च वायाही जात नाही, उद्या नवं मशीन घेतलं तर तीच एसएसडी त्यात बसते.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम कमी पडतेय. ब्राउझर, पोर्टलची चार-पाच पानं आणि प्रिंटरचं सॉफ्टवेअर एकत्र चालवायचं तर ४ जीबी आता पुरत नाही, किमान ८ जीबी हवी. मात्र जुन्या डीडीआर३ रॅमवर खर्च करताना विचार करा, ती पुढच्या मशीनला लागणार नाही.

सीपीयू सतत ९०-१०० टक्के असेल, तर मात्र प्रोसेसर खरंच कमी पडतोय. त्याआधी पंख्यातली धूळ साफ करून, वाळलेली थर्मल पेस्ट बदलून बघा. गावाकडच्या धुळीत प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो.

आणि तिन्ही आकडे कमी असूनही पान उघडत नसेल, तर दोष इंटरनेटचा किंवा सरकारी पोर्टलचा. त्याला जगातला कुठलाही नवा प्रोसेसर उपाय नाही.

विंडोज १० वाल्यांसाठी वेगळा हिशोब

एक गोष्ट मात्र वाट बघत नाही, ती म्हणजे सुरक्षा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. मशीन चालू राहतं, बंद पडत नाही. पण नव्या व्हायरसपासून वाचवणारी सुरक्षा अपडेट येत नाहीत. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना एक वर्षाची वाढीव मुदत दिली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी करावी लागते.

ज्या मशीनवर गावभराचे आधार क्रमांक, बँक पासबुकांचे फोटो, सात-बारा आणि जातीचे दाखले हाताळले जातात, तिथे विनासुरक्षा काम करणं म्हणजे दुकानाला कुलूप न लावता घरी जाण्यासारखं आहे. नुकसान झालं तर ते दुकानदाराबरोबर गावाचंही होतं.

आपल्या मशीनवर विंडोज ११ चालेल का, हे बघायला सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग अबाऊट असं जा. तिथे प्रोसेसरचं नाव दिसेल. डेस्कटॉपमध्ये आय३, आय५ यानंतर चार आकडे असतील, तर पहिला आकडा म्हणजे पिढी. ७१०० म्हणजे सातवी, ८१०० म्हणजे आठवी. पाच आकडे असतील, तर पहिले दोन बघा. १२१०० म्हणजे बारावी. इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते. रायझनमध्ये साधारण २००० मालिकेपासून पुढे, तेही काही मॉडेल वगळून. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप चालू असावी लागते. ती बऱ्याच मशीनमध्ये असते पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते.

थांबण्याचीही किंमत असते

आता पैशाचा हिशोब. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापले टाकून बघावेत.

समजा एका केंद्रात हंगामात दिवसाला ४० अर्ज होतात. जुन्या मशीनमुळे प्रत्येक अर्जाला ३ मिनिटं जास्त लागतात. म्हणजे दिवसाला १२० मिनिटं, दोन तास. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५० तास. सहा महिने थांबलं तर ३०० तास.

नव्या मशीनवर एक अर्ज ९ मिनिटांत होत असेल, तर त्या दोन तासांत रोज १३ अर्ज जास्त होतील. एका अर्जामागे २० रुपये सुटत असतील, तर दिवसाला २६० आणि महिन्याला ६,५०० रुपये. हे पैसे तेव्हाच मिळतील, जेव्हा बाहेर रांग असेल. दिवाळीनंतर गिऱ्हाईकच कमी असेल, तर हा हिशोब लागू नाही. पण जून-जुलैमध्ये प्रवेशाचे दाखले आणि खरिपाचा पीक विमा एकाच वेळी येतो, तेव्हा रांगेतला माणूस कंटाळून शेजारच्या केंद्रात जातो. गेलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही.

नवा प्रोसेसर आल्यावर समजा दोन-तीन हजार रुपये वाचणार असतील, पण त्यासाठी हंगामाचे दोन महिने गमवावे लागणार असतील, तर उत्तर समोरच आहे. पेरणी तोंडावर आल्यावर नव्या वाणाची वाट बघत रान मोकळं ठेवणारा शेतकरी कोणी पाहिलाय का?

मग थांबावं कोणी?

थांबणं काही जणांसाठी शहाणपणाचंच आहे.

ज्याचं मशीन सगळं काम नीट करतंय, विंडोज ११ चालतंय, फक्त नवं घ्यावंसं वाटतंय, त्याने खुशाल थांबावं. त्याचं काहीच अडत नाही.

ज्याला हवा असलेला नेमका प्रोसेसर महिना-दीड महिन्यात येणार असल्याची तारीख कंपनीने स्वतः जाहीर केली आहे, त्यानेही थांबावं. अफवेवर मात्र थांबू नये.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला प्रोसेसरचा फरक खरोखर जाणवतो. चार तासांचं रेंडर असेल, तर १० टक्के वेगातही वीस-पंचवीस मिनिटं वाचतात. लग्नसराई संपलेली असेल आणि पुढच्या हंगामाला वेळ असेल, तर नवं काय येतंय ते बघून घ्यावं. लग्नसराई तोंडावर असेल, तर आहे त्यातलं चांगलं घेऊन कामाला लागावं.

थांबू नये ते यांनी: ज्यांचं मशीन अधूनमधून बंद पडतंय, ज्यांच्याकडे सातवी किंवा त्याआधीची पिढी आहे आणि त्यावर लोकांची कागदपत्रं हाताळली जातात, ज्यांचा हंगाम महिन्यावर आलाय, आणि मुलाच्या परीक्षेसाठी किंवा कोर्ससाठी ज्यांना आत्ता मशीन हवंय. ऑनलाइन अर्ज, टॅली, टायपिंग, एक्सेल या कामांना आजच्या बाजारातला बाराव्या ते चौदाव्या पिढीचा आय३ किंवा रायझन ५ ५६००जी अनेक वर्षं पुरून उरेल.

घेताना फसू नका

पहिली फसवणूक “आय५” आणि “आय७” या नावाची. नवी पेटी, चमकणारे दिवे, आत मात्र तिसऱ्या पिढीचा जुना प्रोसेसर. बाराव्या पिढीचा साधा आय३ हा सातव्या पिढीच्या आय७-७७०० ला मागे टाकतो. म्हणून “आय किती” हे विचारण्याआधी “कितवी जनरेशन” हे विचारा आणि पूर्ण मॉडेल क्रमांक बिलावर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, इंटेलच्या क्रमांकापुढचं “एफ” हे अक्षर. आय३-१२१००एफ किंचित स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही, तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी तर हे आवर्जून बघावं, कारण इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधली क्विक सिंक ही सोय एडिटिंगला मोठा हातभार लावते. रायझन ५ ५६०० आणि ५६००जी यातही हाच फरक आहे. “जी” वाल्यात ग्राफिक्स असतं.

तिसरी गोष्ट, वापरलेली ऑफिसची मशीन. मोठ्या कंपन्या जुनी मशीन काढून टाकतात, ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून जिल्ह्यापर्यंत येतात. हा पर्याय वाईट नाही. पण आठव्या पिढीच्या खालचं घेऊ नका. “विंडोज ११ टाकून देतो” असं म्हणत सहाव्या-सातव्या पिढीवर नियम डावलून ते बसवून दिलं जातं. पुढची अपडेट मिळतीलच याची हमी तिथे नसते.

चौथी गोष्ट, बिल. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे. दुकानाची जीएसटी नोंदणी असेल, तर नियमाप्रमाणे त्याची वजावट मिळते, म्हणून पक्कं बिल घ्या. पेटीबंद प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुट्या, म्हणजे ट्रे प्रोसेसरला कंपनी ग्राहकाला थेट वॉरंटी देत नाही.

पाचवी गोष्ट, जुनी जोडणी. बायोमेट्रिक यंत्र, जुना प्रिंटर, स्कॅनर, मराठी फॉन्टचं डोंगल नव्या विंडोजवर चालतं का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. फ्लेक्स आणि पत्रिका छापणाऱ्यांनी तर आपली जुनी फाईल नेऊन उघडूनच बघावी.

आणि अर्थिंग. गावाकडे व्होल्टेज खाली-वर होतं. नव्या मशीनला जुनाच बिनअर्थिंगचा बोर्ड आणि बॅटरी संपलेला यूपीएस लावला, तर कितीही नवा प्रोसेसर असो, पहिल्याच पावसाळ्यात धोका आहे.

जुनं मशीन देताना

जुनं मशीन भंगारवाल्याला किंवा दुसऱ्याला देताना हार्ड डिस्क काढून ठेवा. फाईल डिलीट केली म्हणजे ती पुसली जात नाही, साध्या सॉफ्टवेअरने ती परत काढता येते. त्या डिस्कवर शेकडो लोकांची आधार कार्डं असू शकतात. मशीनचे चार पैसे कमी आले तरी चालतील, डिस्क बाहेर जाता कामा नये.

नवं मशीन सुरू केल्यावरही जुनं आठ-पंधरा दिवस तसंच राहू द्या. सगळी पोर्टलं, प्रिंटर, बायोमेट्रिक नव्यावर चालल्याची खात्री झाली, कामाच्या फाईली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, की मगच जुनं हलवा. हे काम हंगामाच्या आधी, मे महिन्यातच उरकलेलं बरं. जूनच्या रांगेसमोर नवं मशीन शिकत बसायची वेळ येऊ नये.